निवाऱ्यावरचं नाव

अल्लीपूरच्या रस्त्यावर, आमच्या गावच्या फाट्यावर माझं किराणा दुकान आहे. समोर आमदार निधीतून बांधलेला प्रवासी निवारा. त्यावर हातभर अक्षरांत आमदारांचं नाव. गावाच्या नावाला जागाच उरली नाही. मी तेव्हाच बोललो होतो. ठेकेदार म्हणाला, "भाऊ, गावाले काऊन नाव लागते? सारेच वळखतात."

मागच्या विधानसभेला आमदार पुन्हा मतं मागायला आले. तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या पक्षाकडून. म्हाताऱ्यांच्या पाया पडून झाल्यावर ते भाषणाला त्याच निवाऱ्यात उभे राहिले. माइकवर हात ठेवून त्यांनी कार्यकर्त्याला हळूच विचारलं, "कोनतं गाव होय हे?"

हात कसला ठेवला! भोंग्यातून साऱ्या गावानं ऐकलं. कार्यकर्ता बिचारा गावाची पाटी शोधू लागला.

माझं डोकंच सरकलं. दुकानातूनच ओरडलो, "साहेब, वर पाहा ना! तुमचंच नाव हाय. गावाचं लिवूच कुठं देलं तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. घसा खाकरला आणि म्हणाले, "हे गाव म्हणजे माहं घरच होय!"

आणि आमच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या.