गरम ओठाचं माप

नळांच्या कारखान्यातल्या तपासणी खोलीत आत्यांचा शब्द शेवटचा. भाचीपासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणत आणि सगळेच त्यांना वचकून असत. केसाएवढा फरक निघाला की पितळी नळ परत. साहेबांनी गळ घातली तरी परत. संध्याकाळी याच बाई कारखान्याच्या बँडमध्ये पहिल्या, म्हणजे मुख्य वादकाच्या, खुर्चीवर बसून ट्रम्पेट वाजवत. एकोणीस वर्षं ती खुर्ची त्यांची होती.

यंदा बागेतल्या रविवारच्या कार्यक्रमासाठी बँडमास्तरांनी जी धून बसवली, तिच्या शेवटी एक उंच सूर होता, आठ मात्रा धरून ठेवायचा. लागोपाठ दोन तालमींत आत्यांचा तो सूर फाटला. बँडमास्तर माणूस चांगला, पण भिडेखातर बँड चालवणारा नव्हे. शनिवारच्या तालमीत सूर लागला नाही तर पहिली खुर्ची शेजारच्या खुर्चीवर ट्रम्पेट वाजवणाऱ्या पॅकिंगवालीला, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पॅकिंगवाली आत्यांपेक्षा वीस वर्षांनी लहान होती आणि वाजवायची बरी, हे आत्यांनाही मान्य होतं. तेच तर जास्त झोंबलं.

त्या तडक वाद्यांच्या दुकानात गेल्या. ट्रम्पेटचा माउथपीस म्हणजे ओठ टेकवायची पितळी वाटी. ती जितकी उथळ तितका वरचा सूर सोपा, असं दुकानदाराने सांगितलं. आत्यांनी पर्समधून बारीक माप घ्यायची व्हर्नियर पट्टी काढून पाच वाट्यांची खोली मोजली, सगळ्यांत उथळ उचलली आणि फुंकली. सूर असा सहज निघाला की दुकानदाराने हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. काम फत्ते.

बुधवारच्या तालमीत पहिला अर्धा तास आत्या हवेत होत्या. शेवटचा सूर आला आणि आवाजच बंद. फाटला नाही, घसरला नाही. कोणीतरी नळ बंद करावा तसा थांबला. पॅकिंगवालीने खाली मान घालून बूट न्याहाळले.

घरी भावजय टपलेलीच होती. "वन्सं, वाटीला भोक आहे ना नक्की?" असं विचारून तिने वाढायला घेतलं. आत्या चिडल्या नाहीत. त्यांना राग यायला जागाच उरली नव्हती. डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. वाटी तीच, ओठ तेच, मग दुकानात चाललं ते तालमीत का नाही?

गुरुवारी तपासणी खोलीत जोडीदारणीने नळांचा एक खोका गार असतानाच पास करून टाकला होता. आत्यांनी तिला फैलावर घेतलं. गार असताना नळातली चकती गुमान फिरते, गरम पाणी गेलं की धातू फुगतो आणि ती अडकते, म्हणून प्रत्येक नळाचं माप दोनदा घ्यायचं, हे तीस वर्षं घसा फोडून... आणि त्या मध्येच थांबल्या. जोडीदारीण पुढच्या शिव्यांची वाट पाहत राहिली. शिव्या काही आल्याच नाहीत.

संध्याकाळी आत्यांनी भावजयीची लिपस्टिक मागितली. या वयात वन्सं कुठे निघाल्या म्हणून ती दारातच उभी राहिली. आत्यांनी आधी तिच्याकडून व्हर्नियरने ओठाची जाडी मोजून घेतली, मग ओठांना लाली फासली, दोन सूर वाजवले आणि वाटी उजेडात धरली. लाली फक्त काठाला. मग वाटी पुसून चाळीस मिनिटं वाजवलं, पुन्हा लाली लावून पुन्हा पाहिलं. या वेळी वाटीच्या तळाशीही लाल ठिपका.

"ही व्हर्नियर घे आणि माझा ओठ पुन्हा मोज," त्या भावजयीला म्हणाल्या.

"तुमच्या तोंडाचं माप मला लग्नापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. पण मोजलं तिने नीट. वाजवण्याआधी तिनेच घेतलेलं माप दहा मिलिमीटर होतं; आता साडेअकरा भरलं. वाजवून वाजवून ओठ सुजत होता आणि उथळ वाटीच्या तळाला टेकून सुराचं तोंड बंद करत होता.

"म्हणजे मी वाटी गार ओठाने पास केली," आत्या म्हणाल्या. त्यांना इतकं हसू आलं की भावजयही हसली.

शुक्रवारी त्यांनी घरी तासभर वाजवलं आणि सुजलेल्या ओठांनिशी जवळजवळ धावतच दुकान गाठलं. दुकानदाराला वाटलं, बाई भांडायला आल्या. त्यांनी बोलण्यात वेळ घालवला नाही. ओठांची सूज उतरायच्या आत चार वाट्या वाजवून पाहायच्या होत्या. चौथी मधल्या खोलीची होती; तिच्या तळाला ओठ टेकला नाही. तिच्यात वरचा सूर आयता मिळत नव्हता, दम लावावा लागत होता. पण मिळत होता.

शनिवारी तो सूर थोडा खरखरत उठला, सातव्या मात्रेला थरथरला आणि आठवी पुरी करून थांबला. पॅकिंगवालीनेच आधी पायाने ठेका धरून दाद दिली. बँडमास्तरांनी कागद आवरले आणि उद्या आत्यांनी पहिल्या दोन धुना वाजवू नयेत, ओठ ताजे ठेवावेत, अशी सवलत देऊ केली.

"अजिबात नको," आत्या म्हणाल्या. "सगळ्या वाजवणार. माप गरम ओठाचं घेतलंय."

बँडमास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. पॅकिंगवालीला मात्र तालमीआधी आत्यांनी ओझरतं सांगितलं होतं; ती खुर्ची ओढून जवळ आली आणि हळूच विचारू लागली, की ते लिपस्टिकचं नेमकं कसं केलं.