घरावरून जाणारं तिकीट

वन्सं,

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही. समोर बसून बोलावं तर मध्येच चहा टाकायला उठता. तेव्हा पत्र. तुमच्याबद्दल लिहायचं मी ठरवलंय आणि परवानगी मागत नाहीये. "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. ते इथे लिहून टाकलं, आता पुन्हा म्हणायची गरज नाही. गोष्टीत एक वहिनी येईल, ती कोण हे कुणाला सांगत बसू नका. आणि चुका काढायच्या असतील तर शेवटी काढा.

चष्म्याच्या दुकानावर, दातांच्या डॉक्टरच्या शेजारी एक खोली होती. जिना अरुंद, त्यामुळे वर येणारा माणूस तिकीट काढायला आलाय की दात, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे. खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि पुलाकडे तोंड करून असलेली उंच खिडकी. भिंतीवर बेटांची चित्रं. ऊन लागून लागून त्यातला समुद्र पांढुरका झालेला आणि माडांचा हिरवा रंग कधीच उडालेला. या खोलीत विमानताई बसत. हे नाव त्यांना कुणी दिलं ते माहीत नाही, पण सख्खा भाऊसुद्धा पुढे पुढे तसंच म्हणू लागला. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलं तर "तुमचं परतीचं तिकीट कधीचं काढू?" असं विचारून त्या माणसाला गप्प करत.

स्वतः त्या विमानात दोनदा बसल्या होत्या. दोन्ही वेळा पट्टा बांधला तशा झोपल्या त्या चाकं जमिनीला लागल्यावर उठल्या.

साधी तिकिटं लोक आता आपापल्या फोनवर काढतात. विमानताईंकडे माणसं येत ती एकाच कामासाठी. विमानाच्या पुढच्या भागात ज्या मोठ्या, पार आडव्या होणाऱ्या खुर्च्या असतात, ज्याला बिझनेस क्लास म्हणतात, तिथली जागा, तीही दूरच्या गरम बेटांवर जाणारी, आणि आपल्यासारख्यांच्या आवाक्यात बसेल अशी. हे काम त्या कसं करत, हे त्यांच्या वहिनीने रोज शेजारी बसून पाहिलं आणि तरी तिला ते शेवटपर्यंत जादूच वाटलं. वहिनी चांगली कॉलेजात शिकलेली. पण पडद्याकडे पाहून तिला नुसते रंगीत चौकोन दिसत.

"वन्सं, या चौकोनांत तुम्हाला काय सापडतं हो एवढं?"

"चौकोन काय म्हणता वहिनी, या रिकाम्या जागा आहेत. रिकामी खुर्ची उडवायला कंपनीच्या जिवावर येतं. आपण फक्त तिचा जीव कधी कासावीस होतो ते बघत बसायचं."

आणि त्या बघत बसत. बेटांवर पावसाचे दिवस सुरू झाले की हौशी लोक पाठ फिरवतात, तेव्हा मोठ्या खुर्च्या स्वस्त होतात. पण पाऊस तिथे दुपारी तासभर पडतो आणि पुन्हा लख्ख ऊन, हे हौशी लोकांना कोण सांगणार? कंपनी तर सांगणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून अजब. या शहरातून बेटांकडे एकच कंपनी उडे, त्यामुळे ती मागेल तो भाव. शेजारच्या मोठ्या शहरातून मात्र चार कंपन्या उडत. तिथल्या माणसाने दुसरीकडे जाऊ नये म्हणून हीच कंपनी तिथे भाव पाडून बसे, त्याला तिथून उचली, या शहरात आणून उतरवी आणि इथून पुढे बेटाला नेई. म्हणजे विमान तेच, खुर्ची तीच. फक्त जो लांबून निघाला त्याला ती कमी पैशांत. वहिनीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तोंडात बोटच घातलं.

एक दिवस जिन्यावर फार हळू पावलं वाजली. फरशी बसवणारे एक मिस्त्री वर येत होते, मागून त्यांची बायको दोन्ही हात पुढे धरून, जणू ते पडले तर ती झेलणारच होती. खोलीच्या मागच्या गल्लीतच त्यांचं घर. उभा जन्म गुडघ्यांवर बसून, कमरेत वाकून लोकांच्या घरात फरश्या बसवलेल्या. आता पाठ अशी धरली होती की उभं राहणं जमे, आडवं होणं जमे, बसणं मात्र थोडा वेळही सोसत नसे. विमानताईंनी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "नको ताई, मी भिंतीला टेकतो. भिंत सरळ आहे, मघाशीच बघितली."

त्यांची एकुलती एक मुलगी बेटावरच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिला जुळं होणार होतं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. मुलगी लग्नानंतर एकदाही येऊ शकली नव्हती आणि मिस्त्रींना आता असं वाटू लागलं होतं की या पाठीसकट आत्ता गेलो नाही तर पुन्हा मुलगी दिसणार नाही. साध्या खुर्चीत एवढा प्रवास म्हणजे त्यांना फाशीच.

"एकच आडवी खुर्ची बघा," बायको म्हणाली. "मी मागे बसेन कुठेही. माझी पाठ ठणठणीत आहे."

"तुम्ही मागे बसलात तर यांना कुशीवर कोण वळवणार? पायलट?" विमानताई म्हणाल्या. "दोन बघते. शेजारी शेजारी."

त्यांच्याजवळ जे साठलेलं होतं त्यात दोन खुर्च्या बसवणं म्हणजे काय, ते पडद्याकडे पाहताना विमानताईंच्या कपाळावर दिसे. पुढचे कितीतरी दिवस सकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावरून काढायच्या आधी, त्या बेटाचं विमान उघडत. एक खुर्ची स्वस्त होई, दुसरी नाही. दोन होत, पण एक खिडकीपाशी आणि दुसरी पार पलीकडे. वहिनी वैतागे. "अहो घ्या ना मिळतंय ते!" विमानताई देवघरात बसलेल्या बाईला कुणी भाजीचा भाव विचारावा तशा बघत.

आणि एका सकाळी त्यांनी टेबलावर हात आपटला. दातांच्या डॉक्टरचा पेशंट पलीकडून दचकून ओरडला.

दोन खुर्च्या. मधल्या ओळीत, खेटून. शेजारच्या शहरातून निघून, इथे दिवसभर थांबून, संध्याकाळी बेटाकडे.

बायकोला ते समजावताना नाकी नऊ आले. "म्हणजे आधी आम्ही तिकडे जायचं, मग विमानात बसून इकडेच यायचं, आपल्याच घरावरून, आणि त्यासाठी पैसे कमी?"

"कमी."

"आणि इथूनच बसलो तर जास्त?"

"जास्त. आणि तिथे बसला नाहीत, इथे चढतो म्हणालात, तर अख्खं तिकीट रद्द. पुढच्या खुर्च्यांसकट. तेव्हा पहिल्या टप्प्याला बसायचंच."

"हे कोणत्या शाळेत शिकवतात हो?"

मिस्त्री मात्र भिंतीला टेकून हसत होते. "एका कोपऱ्यातून फरशी धरली तर तुकडा पडतो, दुसऱ्या कोपऱ्यातून धरली तर पूर्ण बसते. खोली तीच असते." त्यांना तिकीट सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

शेजारच्या शहरापर्यंत आगगाडी, झोपून जायच्या डब्यातून. सगळं ठरलं. निघताना बायकोने कुंड्यांना पाणी घालण्यासाठी घराची किल्ली विमानताईंकडे दिली आणि विचारलं, "यांची उशी घेऊ का? गुडघ्यांखाली लागते."

"उशी, पांघरूण सगळं तेच देतात. ओझं कशाला?" विमानताई म्हणाल्या. खुर्ची किती आडवी होते, कुठल्या विमानात किती लांब होते, सगळं त्यांना ठाऊक होतं. उशीचं त्यांनी नुसतं चित्र पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मिस्त्री इथल्याच विमानतळावरून बोलत होते, आवाज दाबलेला. पहिल्या टप्प्यात खुर्ची आडवी झाली, सगळं झालं, पण गुडघ्यांखाली द्यायला त्यांनी जी उशी दिली ती हातरुमालाएवढी जाड. पाठ चढली होती. आता पाय उचलत नव्हता. "ताई, ही घरी निघालीये. उशी आणायला. म्हणाली, घर इथेच तर आहे, जाऊन येते."

विमानताई खिडकीपाशी गेल्या. विमानतळाकडे जाणाऱ्या पुलावर एक ट्रक आडवा झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्या चिकटून उभ्या. बायको येऊन पुन्हा परत जाणार, आणि विमान संध्याकाळचं. तिचं विमान चुकलं की तो माणूस एकटा उडणार नव्हता, आणि त्या किमतीच्या खुर्च्या पुन्हा दिसणार नव्हत्या.

त्यांनी बायकोला फोन लावला. "कुठे आहात?"

"पुलाच्या पलीकडे, टॅक्सीत अडकलेय. चालत येते मी."

"एक पाऊल पुढे टाकायचं नाही. गाडी विमानतळाकडे वळवून उभी करा. उशी मी आणते."

"तुम्ही? या वयात?"

"माझंच डोकं चाललं ना, नेऊ नका म्हणायला!"

मग वहिनीकडे वळून त्या म्हणाल्या, "कुणी आलं तर बसवून ठेवा. काहीही सांगू नका. कळलं? काहीही." आणि किल्ली घेऊन जिना उतरल्या.

खिडकीतून वहिनीने जे पाहिलं ते तिने नंतर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं आणि कुणालाही ते पुरेसं भव्य वाटलं नाही. गल्लीतून एक पिकल्या केसांची, स्थूल बाई बाहेर आली. काखेत उशी. कापडाचे चार थर देऊन शिवलेली, एका बाजूला उंच, एका बाजूला उतरती, फरशीच्या उतारासारखी. उभ्या गाड्यांच्या मधून ती पुलावर चढली. हॉर्न वाजत होते, लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत होते, एकाने विचारलंसुद्धा, "आजी, झोपायला चाललात का?" तिने मान वळवली नाही. हात बदलून उशी घेतली आणि चालत राहिली. सगळं शहर थांबलेलं आणि चालणारी ती एकटी. पुलाच्या मध्यावर ती लहान झाली, पलीकडे ठिपक्याएवढी, पण उशीचा निळा रंग शेवटपर्यंत दिसत होता.

पलीकडे मिस्त्रींची बायको गाडीचं दार उघडं धरून रडत उभी होती. आभार मानायला लागली. "आधी बसा," विमानताई म्हणाल्या. "रडा गाडीत. गाडीत वेळ आहे." दार त्यांनीच लावलं, आणि गाडी हलल्याबरोबर माघारी फिरल्या, कारण खोलीत वहिनी होती आणि वहिनी गप्प बसेल याची त्यांना खात्री नव्हती.

खात्री नव्हती ते बरोबरच होतं. एका नवरा-बायकोला वहिनीने तोवर तीन बेटं सांगून टाकली होती. संध्याकाळपर्यंत विमानताई ते निस्तरत बसल्या. त्यातच छतावरून विमानाचा तो मोठा, ओढत जाणारा आवाज गेला. त्या अर्धवट उठल्या, पण समोरचे गृहस्थ म्हणत होते, "पण या बाई तर म्हणाल्या होत्या की..." आणि त्या पुन्हा बसल्या.

दुसऱ्या दिवशी बेटावरून फोन आला तेव्हा त्यांनी आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मिस्त्री नेहमी कमी बोलत. त्या दिवशी थांबेनात.

"ताई, मी झोपलो. किती वर्षांनी सलग झोपलो. आणि उजाडल्यावर हिने मला हाताला धरून पलीकडच्या खिडकीपाशी उभं केलं. खाली समुद्र. काय सांगू तुम्हाला, मी जन्मभर खालीच बघितलंय, गुडघ्यांवर बसून, वीतभर अंतरावरून. इतक्या वरून कधी बघितलं नव्हतं. एकसंध, ताई. कुठे सांधा नाही. बेटाभोवती हिरवा, मग निळा, मग काळा, आणि कुठे एक रंग संपतो आणि दुसरा लागतो ते शोधून सापडेना. असं काम कुणी केलं असेल हो?"

भिंतीवरचे ते उडालेले समुद्र वहिनीने पहिल्यांदा नीट पाहिले. पलीकडून मुलीचा आवाज आला, "बाबा, बसू नका, आडवे व्हा," आणि मग बापाचं हसणं.

फोन ठेवल्यावर विमानताई खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, जन्म गेला खुर्च्या शोधण्यात. पण माझ्या खुर्चीत बसलेलं माणूस जमिनीवरून उचललं जाताना मी कधी बघितलंच नाही. विमानतळामागच्या कुंपणापाशी उभं राहिलं की अगदी जवळून दिसतं म्हणे. एकदा जाऊ या का दोघी?"

"जाऊ की. रविवारी," वहिनी म्हणाली.

वन्सं, त्या रविवारी तुमच्याकडे कुणीतरी आलं. पुढच्या रविवारी माझा गुडघा. मग तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मग दाराशी रिक्षा उभी होती तरी "ऊन फार आहे, पुढच्या वेळी" असं आपल्यातलं कुणीतरी म्हणालं, कोण ते मला आठवत नाही आणि तुम्हीही आठवू नका. खोली तुम्ही बंद केलीत, चित्रं माझ्याकडे आली, कुंपणापाशी मात्र आपण अजून गेलेलो नाही.