तीन बोटांची विभूती

काशम्मा इंटर सायन्सपर्यंत शिकलेली, पण समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. सोलापुरात बसून लेकीच्या बोटीची काळजी करायला तो पाहावा लागतोच असं नाही. नवरा सिद्रामप्पा गेल्यापासून मायलेकी दोघीच उरल्या होत्या, आणि लेक नीलम्मा गोव्याला समुद्रावर संशोधन करत होती.

"समुद्रात मेलेलं सगळं तळाशी जातं, अव्वा," मे महिन्यात सुट्टीवर आल्यावर ती सांगत होती. "जिवाणू त्यातली काही अमिनो आम्लं आधी फस्त करतात. काय उरलं ते पाहायचं, म्हणजे किती कुजलं ते कळतं."

लिंगायतांत पुरतात. काशम्माला नवऱ्यावर लोटलेली माती आठवली. तिने एवढंच विचारलं, "परत बोटीवर नाही ना जायचं?"

"तळाचा गाळ आणलाय की. आता या कोऱ्या कागदांवर थेंब थेंब चढवून तपासला की संपलं. हात लावू नको हं, घामातही हीच आम्लं असतात."

निघायच्या सकाळी नीलम्मा न्हाणीघरात असताना काशम्माने कागदांचा गठ्ठा सोडला. विभूती लावल्याशिवाय कामाची वस्तू या घरातून कधी बाहेर गेली नव्हती. सिद्रामप्पा दुकानाच्या तराजूलाही रोज लावायचे. विभूती म्हणजे शुद्ध राख, तिने काय बिघडणार? प्रत्येक कागदाच्या तळाशी तिने तीन बोटं ओढली. लेक हसेल म्हणून फुंकर मारून राख उडवली आणि गठ्ठा होता तसा बांधून ठेवला.

जुलैत पत्र आलं. होता नव्हता तो सगळा गाळ एकदमच कागदांवर चढवला होता. आम्लं दाखवणारं औषध फवारल्यावर तळापासून वरपर्यंत जांभळे पट्टे उठले. गाळातलं कुठलं आणि माणसाच्या हाताचं कुठलं, काही वेगळं करता येईना. "कुणी हात लावला होता का? पावसाळा सरला की पुन्हा बोटीवर जावं लागेल."

तीन दिवस काशम्माला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी तिने कार्डावर लिहिलं, "मीच. विभूती लावली." जाऊ नको, असं पुढे लिहायचं होतं. कुठल्या तोंडाने लिहिणार?

ऑक्टोबरात बोटीवर जाण्याआधी नीलम्मा दोन दिवस येऊन गेली. निघताना पाया पडली. काशम्माचा हात विभूतीच्या करंड्यापाशी अडला.

"लाव की, अव्वा. कपाळ म्हणजे काय कागद आहे?"

काशम्माने तीन बोटं टेकवली. पट्टे वाकडे उठले. नीलम्माने ते तसेच राहू दिले.