टेबलात नसलेलं वय
मोहरी करपल्याचा वास आला की लॉकडाऊनमधला, आयर्लंडमधल्या सँडीफोर्डचा फ्लॅट आठवतो. रुग्णांचं वय जन्मतारखेवरून काढणारा माझा कोड सकाळपासून एरर देत होता, आणि त्याच आठवड्यात टीमचा लीड ठरणार होता. दावेदार दोघंच होतो, मी आणि माझा फ्लॅटमेट. फोडणी तशीच गॅसवर सोडून तो माझ्या स्क्रीनपाशी आला. "अरे येड्या, वय आपण साठवतो का कुठे? ती रेडीमेड कोडची लायब्ररी डेटाबेसच्या टेबलात वयाचा कॉलम शोधत बसलीये. तिला सांग, शोधू नकोस." एका ओळीत काम झालं आणि मला तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. दुपारच्या कॉलवर आयरिश मॅनेजरनं विचारलं, "ग्रँड! कुणाला सापडलं?" मी काही बोलायच्या आत फ्लॅटमेटनं माझं नाव सांगितलं. लीड मीच झालो. हेवा मात्र मला अजून त्याचाच वाटतो.