द्रौपदीबाईंचे शंभर शेअर

राजरत्नच्या बोटातून एक शून्य जास्त पडलं आणि सुदामकाकांचे दहाऐवजी शंभर शेअर विकले गेले.

अंबरनाथ पश्चिमेला ब्रोकरच्या ऑफिसात राजरत्न लोकांच्या ऑर्डरी टाकायचा. राहायला बदलापूरला कात्रपमध्ये, शाळा-कॉलेजही तिथलंच, पण टाय बांधला की थेट दलाल स्ट्रीटवरून आल्यासारखा चालायचा. काका रोज बाजार उघडायच्या आधी येऊन खुर्ची धरायचे. घ्यायचं काही नाही, विकायचं काही नाही. स्क्रीनवर एकाच कंपनीचा भाव बघायचे आणि विचारायचे, "काय रे राजा, आज बाईसाहेबांचा मूड कसाय?"

बाईसाहेब म्हणजे त्यांची बायको, द्रौपदीबाई. एमआयडीसीतल्या त्या कंपनीच्या पॅकिंग खात्यात तिचं आयुष्य गेलं. कंपनीने कामगारांना शेअर देऊ केले तेव्हा तिने ओव्हरटाइमच्या पैशातून शंभर घेतले, नवऱ्याला न विचारता. गेल्या वर्षी ती वारली. भाव चढला की काका म्हणायचे, "आज खूश आहे." पडला की, "मीच काहीतरी बोललो असेन."

त्या दिवशी तिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनासाठी दहा शेअर विकायचे होते. "जेवण तिच्याच पैशाचं होऊ दे," काका म्हणाले. खाली उल्हासनगरवाल्याच्या गाडीवर दोघांनी दालपकवान खाल्लं. पैसे काकांनी दिले. "उद्या माझी पाळी," राजरत्न म्हणाला आणि वर येऊन ते शून्य पाडलं.

लक्षात आलं तेव्हा काका घरी गेले होते. झालेला सौदा मागे घेता येत नाही. देशात कुठेतरी बसलेल्या कुणाची तरी खरेदी यंत्राने क्षणात या विक्रीशी जुळवली होती. तरी एक वाट होती. बाजार बंद व्हायच्या आत नव्वद परत घेतले, तर खरेदी-विक्री आपसात वळती होऊन दहाच शेअर गेले असते, तिचे नव्वद खात्यातून हललेच नसते. पण तोवर भाव तीन रुपये चढला होता आणि तो फरक राजरत्नच्या खिशातून जाणार होता. म्हणून हा शहाणा, ते तीन रुपये खाली यायची वाट बघत बसला.

भाव खाली आला नाही. दुपारी वरचं सर्किट लागलं, म्हणजे एका दिवसात जेवढं चढायची मुभा तेवढा तो चढला आणि विकणारं कुणी उरलं नाही. राजरत्नने धावत ऑर्डर टाकली. पण तिथे एका भावाला जो आधी आला तो पुढे, वशिला चालत नाही. याचा नंबर लागलाच नाही.

काकांना सकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. एक्सचेंजने मात्र नियमाप्रमाणे संध्याकाळीच त्यांना मेसेज धाडला होता.

"शंभर लिहिलंय रे," सकाळी काका मोबाइल पुढे करून म्हणाले. राजरत्नने झालेलं सगळं सांगितलं.

ऑफिसच्या मालकीणबाई कीर्ती मॅडमनी सर्किट सुटल्यावर नव्वद शेअर परत घेऊन दिले. फरक राजरत्नच्या पगारातून कापला.

"तेच आहेत का?" काकांनी विचारलं.

"डीमॅटमध्ये शेअरला नंबर नसतो हो काका. सगळे सारखेच."

"आणि तिचे कुणाकडे गेले?"

"ते एक्सचेंज कुणालाच सांगत नाही. पण पैसे बुडत नाहीत, त्याची हमी असते."

काका हसल्यासारखे झाले. "म्हणजे माझी गेली आणि दुसऱ्याची आणून बसवलीत."

मग त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. भाव चढत होता. मूड कसाय, ते त्यांनी विचारलं नाही.

"राजा, हेही विकून टाक. नव्वदच टाइप कर हां."

राजरत्नने नव्वद टाइप केलं. पुन्हा पुन्हा वाचलं. बटण दाबलं.

त्यानंतर काका आले नाहीत. एकदा शिवमंदिराच्या रस्त्याला दिसले. राजरत्नने हाक मारली, त्यांनी लांबूनच हात हलवला आणि चालत राहिले.

गाडीवाला अजून विचारतो, "चाचा किधर है?"

पाळी राजरत्नचीच आहे.