ऑपरेटरचा आवडता सिनेमा

कळंबला टुरिंग टॉकीजचा तंबू लागला, की चहाच्या हॉटेलात जुन्या बोलपटांवर पैजा लागत: नायिका कोण, गाणी किती? वाद झाला की टॉकीजचा ऑपरेटर अचूक उत्तर देई. त्याचा उजवा हात भाजून आखडलेला होता.

मी विचारलं, "तुमचा आवडता कोणता?"

"जो शेवटपर्यंत पेटला न्हाय, त्यो. जुनं रीळ लई लवकर पेट घेतं, साहेब."

"आणि आजचा?"

त्यानं बशी खाली ठेवली. "लईच जुना. घरची मंडळी येणार हायत?"

"हो."

"मग कनातीच्या दाराशी बसा."

संध्याकाळी आम्ही दाराशी बसलो. बायको, मुलगी हसत होत्या. मी मुलीचा हात धरून मागच्या यंत्राकडे पाहत होतो. तिथे तो ओलं पोतं घेऊन उभा होता. पडद्याकडे तोही पाहत नव्हता.