नळासाठी भाषणं

कापसाच्या बाजारात काम केलं की किस्से अंगाला चिकटतात. घरी जाऊन झटकले तरी चार उरतातच. मी जळगावच्या बाजारात हमालांचा मुकादम होतो. शिक्षण तिसरीपर्यंत. बोलणं त्याहून कमी.

बाजारात पाणी नव्हतं. विहीर लांब. उन्हाळ्यात रोज कुणीतरी पोत्याखाली कोसळायचा. नगरपालिकेच्या कारकुनानं सांगितलं, तुमच्यातला एकजण पंधरा दिवसांनी येऊन साहेबांपुढे नीट बोलला, तरच नळाचं बघू. आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. मग मी हुकूम काढला: रोज भाकरी खाल्ली की एकेकानं रिकाम्या बैलगाडीवर उभं राहून भाषण करायचं.

*

पहिला मान माझा. गाडीवर चढलो. समोर पन्नास माणसं. तोंडातून सवयीचं निघालं, "चला, उचला."

सगळे उठले आणि कामाला लागले. इतका परिणाम दुसऱ्या कुणाच्या भाषणाचा झाला नाही.

*

दुसऱ्या दिवशी नाना मापारी. तो गाडीच्या मागच्या टोकाला उभा राहिला. बैल सोडलेले. गाडीचं तोंड वर गेलं, नाना खाली आला. तेव्हापासून नियम केला, वक्त्यानं मधोमध उभं राहावं.

नाना पुन्हा चढला. आता त्याची खोड अशी, की काट्यावर मोजताना पुढचं पोतं येईपर्यंत तो तोच आकडा म्हणत राहायचा, म्हणजे विसर पडत नाही. भाषणातही तेच. "पाण्याविना हाल होतात, हाल होतात, हाल होतात..." थांबेचना. शेवटी एकानं त्याच्या पायाशी पोतं आणून टाकलं, तेव्हा कुठे नाना दुसऱ्या वाक्यावर गेला.

भाषणाला अकरा पोती लागली.

*

कापूस निवडणारी गंगूअक्का बोलण्यात सगळ्यांना भारी. पण गाडीवर चढली आणि गप्प. विचारलं तर म्हणाली, "समोरनं कोणी उलटं बोलनं तर माले सुचस."

मी नानाला उलटं बोलायला उभं केलं. अक्कानं पहिलंच वाक्य टाकलं. नाना हात जोडून म्हणाला, "अक्का, तुमचं खरं शे."

तो दिवस फुकट गेला.

*

राहिला दगडू हमाल. हा गाडीवर चढायलाच तयार नव्हता. कामातच शिकतो म्हणाला. गाडीपासून काट्यापर्यंत पोतं नेताना एका खेपेला एक वाक्य. आठ दिवसांत वाक्यं अशी पडू लागली की मापारी मोजायचं सोडून ऐकू लागले. त्यालाच निवडलं.

ठरल्या दिवशी नाना, मी आणि दगडू साहेबांपुढे उभे राहिलो. दगडूनं तोंड उघडलं, आवाज नाही. साहेबांनी खुर्ची दिली. बसल्यावर तर तो पारच गळून गेला. साहेबांनी घड्याळ बघितलं, कारकुनाला पुढचा कागद आणायला सांगितलं. मला नळ डोळ्यांदेखत जाताना दिसला.

दगडू माझ्या कानाशी लागला. मला मान खाली घालून सांगावं लागलं, "साहेब, याच्या पाठीवर ओझं दिलं तर बोलेल."

कोपऱ्यात जुन्या दप्तरांचे गठ्ठे होते. साहेबांनी मान हलवली. मी आणि नानानं दोन गठ्ठे चढवले. दगडू वाकला, पाऊल टाकलं आणि सुरू झाला. दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून दारापर्यंत. विहीर किती लांब, कोण कधी कोसळलं, बायका काय करतात, सगळं. कारकुनाचं लिहिणं थांबलं.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "नळ मंजूर. आता ते गठ्ठे खाली ठेवा."

दगडू दारापासून पुन्हा टेबलाकडे वळला.

"थांबा साहेब. बाजारमा सावली नही, ते सांगानं बाकी शे."